पुढे पाठवा

३ फेब्रुवारी

विद्यापीठवाले आले! खालच्या हॉलमध्ये चाळीस खुर्च्या, चाळीस म्हाताऱ्या आणि समोर एक पडदा. मोठे सर म्हणून एक आहेत. नावापुढे डॉक्टर लावतात, पण आमच्या इमारतीतल्या शिलाईवालीने गुडघ्याचं औषध विचारलं तर म्हणाले, "मी तसा डॉक्टर नाही." मग कसा? ते काही सांगितलं नाही. पाऊण तास बोलले. म्हणे शिक्षण, आरोग्य, तंत्रज्ञान आणि समाज अशा चारही अंगांनी वार्धक्याकडे बघायचंय. बघा बापडे. वार्धक्य कुठे पळून चाललंय? दुसऱ्या रांगेत बसलंय, जांभया देत.

मतलब एवढाच, की निम्म्या बायकांना टॅबलेट देणार. गोळी नव्हे — पाटीसारखं यंत्र. त्यावर बोटाने अक्षरं गिरवायची, खेळ खेळायचे. उरलेल्या निम्म्यांना काही नाही. सहा महिन्यांनी बघायचं, कोणाचं डोकं जास्त चालतं. एवढं कळायला पडदा लागतो.

सरांच्या हाताखाली एक पोरगी आहे. काम सगळं तीच करते, बोलायचं काम सर करतात. तिची पीएचडी या चाळीस डोक्यांवर अडलीय. हातात फळी, फळीला कागद, कागदावर चौकोन आणि चौकोनात टिक. मी तिचं नाव टिकवाली ठेवलं. मला आजी म्हणते. माझी सख्खी नातवंडं वर्षातून दोनदा म्हणतात, हिने एका दुपारीत कोटा संपवला.

चिठ्ठ्या टाकल्या. धाकटीला टॅबलेट आला. धाकटी म्हणजे माझी धाकटी जाऊ — दोघींचे नवरे गेले, पोरं आपापल्या गावी, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आम्ही दोघी. अकरा वर्षं झाली. माझी चिठ्ठी कोरी निघाली. तोंड पाडायच्या आत टिकवाली धावत आली. "आजी, तुमचा गट फार महत्त्वाचा बरं का! तुम्ही काहीच करायचं नाही."

हे वाक्य सासूच्या तोंडून ऐकायला मी तीस वर्षं कान टवकारून होते.

कोऱ्या गटाला एकेक वही दिली. दिवसभरात काय केलं ते रोज लिहायचं. मी दोन उचलल्या. त्यांच्या वहीत "जेवले, झोपले" लिहीन. ही माझी.

४ फेब्रुवारी

आज परीक्षा. तळमजल्यापासून सुरू केलंय, पण माझा नंबर मी खालच्या पोस्टातलीशी बदलून घेतला — उगाच उद्यापर्यंत जीव टांगणीला कोण लावणार!

टिकवाली पाच शब्द सांगते. किल्ली, नदी, कात्री, चिमणी, दोरी. मग दहा मिनिटं इकडचं तिकडचं विचारते — आज वार कोणता, शंभरातून सात गेले किती. आणि मग एकदम, "आजी, मघाचे शब्द?" मी सांगितले. पाच टिक.

टिक करताना फळी माझ्याकडे उलटी होती. मी चौथीपर्यंतच शिकले, पण रुग्णालयाच्या धुलाईखान्यात तीस वर्षं चादरींवरचे शिक्के उलटे, आडवे, ओले, फाटके असे वाचलेत. उलटं मला सुलट्यापेक्षा बरं वाचता येतं. कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात होतं: तीनपेक्षा कमी — पुढे पाठवा.

पुढे म्हणजे कुठे?

बाहेर येऊन पोस्टातलीला विचारलं. तिने चौतीस वर्षं पोस्टात टपाल निवडलंय. लगेच म्हणाली, "पुढे पाठवा म्हणजे पत्ता बदलला. माणूस जुन्या पत्त्यावर राहत नसला की आम्ही तो खोडून नवा घालायचो अन् पाकीट पुढे पाठवायचो."

"मग आमचा नवा पत्ता कुठला?"

"म्हाताऱ्यांच्या संस्थेतला! या वयात दुसरा कुठला उरलाय, बाई?"

शेजारी उभ्या शिलाईवालीच्या हातातली पिशवी पडली. मी हसले. पण जिना चढताना हसू खाली राहिलं.

कारण धाकटी विसरते. मीठ दोनदा घालते. नळ चालू ठेवून खिडकीत उभी राहते. मला विचारते, "मोठ्या भावजींना डबा दिलात?" — आमच्या ह्यांना जाऊन अकरा वर्षं झालीत. म्हटलं, दिला. आणि तिच्या मुलाने मागच्या वर्षी संस्थेचं एक चकचकीत पुस्तक आणून ठेवलंय. हिरवळ, पांढऱ्या खुर्च्या, हसणारे म्हातारे. "काकू, तिथे चोवीस तास काळजी घेतात हो." ते पुस्तक मी डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घातलं. तेवढ्या कामाला चांगलं आहे.

उद्या धाकटीची परीक्षा.

५ फेब्रुवारी

पहाटेपासून पढवतेय. किल्ली, नदी, कात्री, चिमणी, दोरी. तिसऱ्या शब्दाला गाडी घसरते. कात्रीच्या जागी म्हणते, "सुरी? विळी?" मी ओरडले. मग तीही ओरडली.

मग मला सुचलं. धाकटीने जन्मभर घरी बसून कारखान्याच्या शर्टांना बटणं लावली. दिवसाचे साठ शर्ट. डोकं विसरलं तरी बोटं विसरायची नाहीत. तिचा गाऊन पुढून बटणांचा आहे, गळ्यापासून खाली बरोब्बर पाच. म्हटलं, हे वरचं बटण किल्ली. हे नदी. एकेकावर बोट ठेवायचं आणि म्हणायचं.

चौथ्या खेपेला धडाधडा आलं!

"पण कशाला हो, जाऊबाई?"

"खेळ आहे."

"हरलं की काय होतं?"

"काही होत नाही. तू हरायचं नाही, बस."

दुपारी खाली गेली. मी दाराशी उभी. बोट गळ्याशी गेलं, खाली खाली आलं. पाच! टिकवाली म्हणाली, "धाकट्या आजी, तुम्ही तर हुशार निघालात!" धाकटी लाजली. वर येऊन मला विचारते, "मी कुठे गेले होते?"

६ फेब्रुवारी

वरच्या मजल्यावरच्यांची परीक्षा होती. जिन्यात उभं राहून पोस्टातली येणारीच्या कानात पाची शब्द घालत होती. एकही बाई नापास नाही. टिकवाली आनंदली — "इथल्या आजींची स्मरणशक्ती किती छान!" पोरी, आमची नाही, जिन्याची.

१२ फेब्रुवारी

काही केलं नाही. गटाचं काम चोख.

२० फेब्रुवारी

आज कोऱ्या गटाला बोलावून प्रश्न विचारले. "तुम्हाला एकटं वाटतं का? कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बऱ्याचदा, नेहमी." पाच चौकोन. मी विचारलं, "कुठल्या वेळी?"

"म्हणजे, साधारणपणे, आजी."

"साधारणपणे कोणी एकटं असतं का? एकटं असतं ते सकाळी नऊला, दूधवाला गेल्यावर. दुपारी शिलाईवाली येते आणि डोकं खाते, तेव्हा वाटतं एकटी असते तर बरं."

तिने पेन गालाला लावलं. मग "कधीकधी" वर टिक केली. माझी सकाळ, माझी दुपार, शिलाईवाली — सगळं एका चौकोनात! धुलाईखान्यातही आम्ही रक्ताची चादर आणि चहा सांडलेली चादर वेगळी भिजवायचो.

९ मार्च

टॅबलेटवाल्या बायकांची ऐट बघवत नाही. धाकटी तो घरी आणते, दोघींत एक — चार दिवस तिचे, तीन दिवस शेजारणीचे. बोटाने अक्षर गिरवलं की यंत्रातून बाई ओरडते, "शाब्बास!" अर्धवट गिरवलं तरी शाब्बास. नुसतं बोट टेकलं तरी शाब्बास. जन्मभर साठ शर्ट रोज लावले, मुकादम एकदा म्हणाला नाही. आता यंत्र म्हणतंय, तर हिचे डोळे चमकतात.

मला सक्त ताकीद — तुम्ही बघायचं नाही, तुम्ही कोऱ्या! नाहीतर निकाल बिघडतो म्हणे. दोन खोल्यांच्या घरात कुठे बघू नको ते सांगा! मी बघते. तिचं "ळ" मीच सुधारलं.

एक मात्र आहे. धाकटी शाळेची पायरी कधी चढली नाही. घरातल्या कागदावर अंगठा. काल तिने दुधाच्या पिशवीवरचं "दूध" वाचलं. वाचलं आणि पिशवी कुठे ठेवली ते विसरली. कपड्यांच्या कपाटात सापडली, आज.

२८ मार्च

धाकटी हरवली होती. दोन तास.

पाव आणायला गेली ती आलीच नाही. मी सगळी गल्ली पालथी घातली, चपला बदलायचंही सुचलं नाही. सापडली ती जुन्या कारखान्याच्या फाटकाशी. तिथे आता मोटारी धुतात. धुणाऱ्या माणसाला म्हणत होती, "शर्ट द्या, मी घरी लावून आणते." त्याने बिचाऱ्याने स्टूल दिलं होतं.

येताना जिन्यात म्हणाली, "पायाखाली कापूस आहे, जाऊबाई. पायरी लागतच नाही."

"वय झालं. माझ्या गुडघ्यात खडी आहे, तुझ्या पायाखाली कापूस. तू सुखी."

तिच्या मुलाचा फोन आला. "आई कुठेय?" म्हटलं, शिलाईवालीकडे गप्पा छाटतेय. तेव्हा ती माझ्या समोर बसून उलटी चप्पल पायात घालत होती.

११ एप्रिल

दुसरी परीक्षा. शब्द तेच! विद्यापीठाकडे शब्दांचा एवढा दुष्काळ! पोस्टातली खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाली, "किल्ली नदी कात्री चिमणी दोरी, झालं? गॅसवर भाजी आहे." टिकवाली म्हणे, "आजी, मी अजून सांगितले नाहीत." "मग सांग आणि मला सोड."

धाकटीची बटणं — पाच.

संध्याकाळी मोठे सर स्वतः आले. आकडे बघून हात चोळत होते. दोन्ही गटांना पैकीच्या पैकी कसे, हे कोणी विचारेल म्हणून मी जरा मागे सरकले. पण सरांनी त्याचंही उत्तर काढलं. म्हणे टॅबलेटचा परिणाम अख्ख्या इमारतीत झिरपला! "सामाजिक प्रसार" म्हणतात त्याला. परदेशात सांगणार आहेत. जिन्यातल्या कुजबुजीला विमानाचं तिकीट!

२ मे

तिच्या मुलाचा फोन. "काकू, तो विद्यापीठाचा रिपोर्ट आला की मला पाठवा. आईचं काय ते ठरवूच. तुम्ही तरी किती दिवस बघणार?"

"मी बघतेय असं तुला कोणी सांगितलं? तीच मला बघते."

"तसं नाही हो, काकू —"

"रिपोर्ट उत्तम आहे. पाचपैकी पाच. तुझे किती येतील?"

फोन ठेवला. आपटलाच. रागाने.

८ जून

न्हाणीत पडली. खरचटलं, मोडलं नाही. पाय टेकला ते कळलंच नाही म्हणाली. अशक्तपणा. जीभ लाल झालीय, तिखट लागत नाही म्हणते. पांढरीफटक झालीय — उन्हात वाळलेल्या चादरीसारखी.

डॉक्टरकडे न्यावं का? तीस वर्षं रुग्णालयात काढलीत मी. दारातून आत गेलेलं माणूस कागद होऊन बाहेर येतं. कागदावर "विसरते" एवढं एकदा लिहिलं गेलं की मुलगा गाडी घेऊन हजर. नाही नेत. दूध, अंडी, विश्रांती. आणि रोज सकाळी बटणं.

९ जून

बटणं — चार. दोरी गेली.

१० जून

पाच!

४ ऑगस्ट

शेवटची परीक्षा. आणि मेल्यांनी शब्द बदलले!

पोस्टातली बाहेर आली ती चेहरा पाडूनच. "नवे आहेत गं! सांगते —" पण तोवर धाकटीला आत बोलावलं होतं. मी दार धरून उभी.

टिकवाली म्हणाली, "घोडा, टोपी, आरसा, दगड, पान." मग वार, मग वजाबाकी. धाकटीला वार आला नाही. मग, "धाकट्या आजी, मघाचे शब्द?"

धाकटीचं बोट गळ्याशी गेलं. "किल्ली." खाली. "नदी. कात्री. चिमणी. दोरी." आणि हसून बघत राहिली — शाब्बासची वाट बघत.

टिकवालीचं पेन थांबलं. तिने बटणांकडे बघितलं. मग दाराकडे — माझ्याकडे. मी मान खाली घातली नाही. आयुष्यात घातली नाही, आत्ता काय घालायची.

तिने पाच टिक केल्या. एक, दोन, तीन, चार, पाच.

सुटलो. वर येऊन चहा टाकला. म्हणजे तीही खोटं लिहिते! मी खोटं बोलले ते माझ्या जावेसाठी. हिने कोणासाठी?

५ ऑगस्ट

टिकवाली सकाळीच वर आली. फळी नव्हती. पहिल्यांदा तिचे हात बघितले मी. नखं खाते.

धाकटी आतल्या खोलीत टॅबलेटवर गिरवत होती. मी विचारलं, "काय गं, पेन घसरलं का काल?"

ती एकदम रडायलाच लागली. मला रडणारी माणसं आवडत नाहीत, पण पाणी दिलं. म्हणाली, "आजी, सतरा नंबरला, म्हणजे धाकट्या आजींना, शून्य दिलं असतं तर माझं सगळं टेबल मोडत होतं."

"मोडू द्यायचं. सुतार बोलावला असता."

"तसलं टेबल नाही हो! आकड्यांचं. सतरा नंबर सरांची आवडती केस आहे. अशिक्षित, सत्तर पार, पाचपैकी पाच. सगळीकडे तिचाच फोटो लावलाय." मग नाक पुसून म्हणाली, "पण झोप आली नाही. त्यांना बरं नाहीये, आजी. त्यांना पहिल्याच दिवशी पुढे पाठवायला हवं होतं."

झालं! मी उभी राहिले. "कोणी कुठे पाठवणार नाही तिला! तिचं घर आहे हे! तुझ्या संस्थेत ठेव तुझ्या सरांना!"

ती बघतच राहिली. "कसली संस्था?"

"पुढे पाठवा. वाचलंय मी. तीनपेक्षा कमी, पुढे पाठवा."

"आजी — पुढे म्हणजे डॉक्टरकडे! रक्त तपासायला. विसरायला बऱ्याचदा साधं काहीतरी कारण असतं. रुग्णालयात वेगळी खिडकी ठेवलीय त्यासाठी. त्याच दिवशी तपासतात, रांग नाही. सहा महिन्यांत एकही बाई गेली नाही, म्हणून ती खिडकी बंद करतायत पुढच्या आठवड्यात."

आतून यंत्र ओरडलं, "शाब्बास!"

मी खाली बसले. चौथी शिकलेली बाई! उलटं वाचता येतं म्हणून केवढी मिजास! वाचलं बरोबर. एक अक्षर चुकलं नाही.

६ ऑगस्ट

खिडकीवरच्या माणसाला कागद लागतो. कागदावर तीनपेक्षा कमी लागतात. धाकटीचे पाच.

टिकवालीने माझ्या टेबलाशी बसून पाची टिक खोडल्या. एकेक रेघ ओढत. खाली लिहिलं — शून्य. पुढे पाठवा. सही केली. म्हटलं, "तुझी पीएचडी?" म्हणाली, "बघू." चांगलं लिहिते, दाबून.

दुपारी रुग्णालय. माझंच रुग्णालय. धुलाईखाना आता बाहेर दिलाय, चादरी कोण धुतं देव जाणे. कडक इस्त्री नाही. डॉक्टरीण तरुण, पण हात लावून तपासते, नुसती पडद्यात बघत नाही. धाकटीला विचारलं, "पायांचं काय वाटतं?" ती म्हणाली, "कापूस." डॉक्टरणीने पेन खाली ठेवलं. जीभ बघितली, डोळ्याची पापणी ओढून बघितली. मला विचारलं, "कधीपासून?"

"दोनेक महिने."

धाकटी म्हणाली, "थंडी होती तेव्हापासून."

हे बरं आठवलं!

९ ऑगस्ट

रक्ताचा निकाल. म्हातारपणाचा तो विसरायचा रोग नाही. रक्तात एक जीवनसत्त्व संपलंय — पार तळाला गेलंय. त्याने नसा सुकतात, पाय सुकतात, डोकं सुकतं. इंजेक्शनं. आधी एक दिवसाआड, मग आठवड्याला, मग महिन्याला.

विचारलं, सगळं परत येईल?

"डोकं बरंचसं येईल. पायांचं सांगता येत नाही. हिवाळ्यातच आला असतात तर पायही आले असते." तिने आवाज चढवला नाही. चढवला असता तर मी भांडले असते.

जिन्याच्या एकेका पायरीवर धाकटी थांबते. मी मागे उभी राहते. मोजते. बावन्न पायऱ्या.

२५ ऑगस्ट

निकालाचा कार्यक्रम. पुन्हा चाळीस खुर्च्या, एक रिकामी. मोठ्या सरांनी पडद्यावर रंगीत खांब दाखवले. सगळे वर चढणारे. टाळ्या.

मी हात वर केला. "सर, शब्द आम्हाला आधीच माहीत होते. जिन्यात सांगायचो एकमेकींना. ही पोस्टातली सांगायची."

पोस्टातली म्हणाली, "सांगायचेच की! उपकार केले."

हॉल हसला. सरही हसले. "बघा, किती विनोदी आहेत आपल्या आजी! स्मरणशक्ती सुधारली की विनोदबुद्धीही सुधारते."

मग मी धाकटीचं विचारलं. म्हणाले, "सतरा नंबर आपण अभ्यासातून वगळला. आजारी निघाल्या ना त्या. आकड्यांत बसत नव्हत्या."

म्हणजे म्हाताऱ्यांच्या डोक्याचा अभ्यास, आणि ज्या एका म्हातारीच्या डोक्याला खरंच काही झालं होतं ती वगळली. पडद्यावरचा तिचा फोटोही काढला. तिच्या जागी आता शिलाईवालीचा लावलाय. त्यात तिचे डोळे मिटलेत.

टिकवालीने नंतर सांगितलं, तिने सरांना सगळं लिहून दिलं — शब्द फुटले ते, पाच टिकांचंसुद्धा. सर म्हणाले, शेवटी "मर्यादा" म्हणून एक भाग असतो, त्यात एक ओळ टाक. मी विचारलं, मर्यादा म्हणजे? म्हणाली, खरं असेल ते तिथे बारीक अक्षरात घालतात, आजी. कोणी वाचत नाही.

तिने सरांकडचं नाव काढून घेतलंय. दुसरीकडे पहिल्यापासून सुरू करणार. तीन वर्षं पाण्यात. वेडी आहे. जाताना धाकटीसाठी आपला जुना टॅबलेट ठेवून गेली. मी नको म्हटलं. धाकटीने माझ्या हातातून घेतला.

१४ सप्टेंबर

धाकटीने मीठ एकदाच घातलं. आणि म्हणाली, "भावजींना जाऊन बारावं लागलं ना, जाऊबाई?"

म्हटलं, हो.

"मग मी मध्ये विचारत होते तेव्हा 'डबा दिला' का म्हणायचात?"

मी गॅस पुसला.

२९ सप्टेंबर

तिच्या मुलाचा फोन. तिने स्वतः घेतला. पाऊण तास! दार लावून. मी ऐकायचा प्रयत्न केला नाही. ऐकू आलं नाही, ते वेगळं.

बाहेर येऊन चहा मागितला. काय बोललात, विचारलं नाही मी. तिने सांगितलं नाही.

६ ऑक्टोबर

धाकटी आता सगळं वाचते. औषधाचा कागद, विजेचं बिल, जिन्यातली सूचना, पावाचं पाकीट. मोठ्याने. जगात केवढं फालतू लिहून ठेवलंय ते मला ती वाचायला लागल्यावर कळलं! टेबलाच्या पायाखालचं संस्थेचं पुस्तक काढून तेही वाचून काढलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. परत पायाखाली घालायला गेली तर म्हटलं, राहू दे. डुगडुगू दे.

मी रोज अकरा वाजता खाली भाजीला जाते. आल्यावर ती खिडकीत बसलेली असते, हात मांडीवर, शहाण्या पोरीसारखी. हल्ली पटकन बोलत नाही. बघते माझ्याकडे.

१९ ऑक्टोबर

धाकटी ही वही वाचते. रोज, मी भाजीला गेले की. आज पाच फेब्रुवारीचं पान उघडलं तर खाली पेन्सिलीने लिहिलेलं, गोल गोल, दाबून: "मला का नाही विचारलं?"

काना, वेलांटी, टिंब — कुठेही चूक नाही.

पेन्सिल तिथेच होती. खाली लिहिलं: कारण तू "संस्थेत जाते" म्हणाली असतीस.

वही उघडी ठेवून भाजीला गेले.